उदास गटाची खिडकी

लिफ्टदादांची दोन्ही मूत्रपिंडं एकामागोमाग एक संपावर गेली, त्याला आता काही वर्षं झाली. आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस, त्यामुळे यंत्राचं त्यांना भय नव्हतं. डायलिसिसच्या पहिल्याच दिवशी त्यांनी टेक्निशियनला विचारलं होतं, "लाइट गेली तर हा पंप हाताने फिरवता येतो का?" टेक्निशियनने मशीनची दांडी काढून दाखवली. दादा म्हणाले, "मग झालं," आणि हात पुढे केला.

तेव्हापासून आठवड्यातल्या तीन सकाळी त्यांचं रक्त एका नळीतून बाहेर जायचं, गाळलं जायचं आणि दुसऱ्या नळीतून परत यायचं. मनगटाच्या वर, जिथे शीर आणि धमनी एकमेकींना जोडून दिली होती, तिथे बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं वाटे. घरी पाणी बायकोच्या मापाने. केळं बंद, टोमॅटो बंद, मीठ नावापुरतं. दोन खेपांच्या मधे अंगात साठलेलं पाणी वजनकाट्यावर चोरासारखं पकडलं जायचं, आणि काटा जरा वर सरकला की सिस्टर म्हणायच्या, "काय दादा, काल विहिरीवर गेला होतात वाटतं?"

आणि एवढं असूनही डायलिसिसच्या सकाळी दादा बायकोच्या आधी चपला घालून दारात उभे असायचे. बायकोला आधी वाटलं, नवरा धीराचा आहे. खरं कारण कळल्यावर ती म्हणाली, "तुम्ही तिथे रक्त गाळायला जाता की लोकांच्या घरात डोकवायला?"

"रक्त मशीन गाळतं," दादा म्हणाले. "मी मोकळाच असतो."

डायलिसिसचा हॉल चौथ्या मजल्यावर होता. खिडकीलगत तीन खुर्च्या होत्या आणि समोर, गल्लीपलीकडे, एक जुनी इमारत होती. खिडकीत दोन जाडजूड खांब असल्यामुळे प्रत्येक खुर्चीच्या वाट्याला समोरच्या इमारतीची एकेकच फाक यायची. डाव्या खुर्चीत गणिताच्या बाई बसायच्या. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खुर्चीत बसताना अजूनही वर्गात शिरल्यासारख्या बसत. त्यांना समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या घराची आतली खोली दिसायची. उजव्या खुर्चीत पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तिघांत धाकटा, फाटक्या तोंडाचा. त्याला त्याच घराची बाल्कनी आणि खाली इमारतीचं फाटक दिसायचं. मधे दादा. त्यांच्या वाट्याला जिना, लिफ्टचं दार आणि लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे ते सांगणारा लाल आकडा.

त्या घरातला माणूस काहीतरी बनवत होता. लाकडाचं. मोठं.

बाईंचं म्हणणं, कपाट आहे. पेंटरचं म्हणणं, होडी आहे. दादांचं म्हणणं, काही का असेना, ते त्या घरातून बाहेर कसं पडणार? कारण समोरच्या इमारतीची लिफ्ट पूर्वी दादांच्याच देखभालीत होती. तिच्या आतली लांबी-रुंदी त्यांना बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ होती.

"काय हो बाई, आज काय दिसतंय?" सुई टोचून झाली की पेंटर लगेच सुरू व्हायचा.

"उभ्या फळ्या. सरळ."

"सरळ कशा असतील? मागच्या खेपेला बाल्कनीत एक फळी ओल्या गोणपाटात गुंडाळून वाकवत होता. कपाटाला वाक कशाला?"

"तुला आयुष्यात काटकोन दिसलाय का कधी? तुझ्या पाट्या बघितल्यात मी."

"आणि तुम्हाला आयुष्यात वळण दिसलंय का?"

"दादा, याला सांगा, या शहरात ना नदी आहे ना समुद्र. होडी कशाला बनवेल कुणी?"

"ते त्याचं तो बघेल," दादा म्हणायचे. "मला एवढंच सांगा, ते दाराबाहेर निघणार कसं? लिफ्टमधे मावणार नाही."

"तिरकं घातलं तर मावेल," बाई म्हणायच्या. "कर्ण नेहमी बाजूपेक्षा मोठा असतो."

"बाई, कर्ण वहीत असतो. लिफ्टमधे हँडरेल असतं."

अशी चार तासांची लढाई संपेपर्यंत मशीन बंद व्हायचं, आणि तिघंही सुया काढलेल्या जागेवर कापूस दाबत, पुढच्या खेपेला एकमेकांचं तोंड कसं बंद करायचं याचा विचार करत घरी जायचे.

मग सूर्यफूल आलं.

त्या गृहस्थांचा हुद्दा 'रुग्ण-आनंद सल्लागार' असा होता. सूर्यफूल हे नाव पेंटरने ठेवलं, त्यांच्या कोटावरच्या पिवळ्या बिल्ल्यामुळे आणि ते बोलताना नेहमी उजेडाच्या दिशेने मान वळवत त्यामुळे. हॉलमधे पाट्या लागल्या. 'आज हसलात का?' 'आजार शरीराला होतो, मनाला नाही!' पेंटरने त्या पाट्या बराच वेळ न्याहाळल्या आणि म्हणाला, "अक्षर छान आहे."

सूर्यफुलाने प्रत्येक रुग्णापुढे एक तक्ता धरला. त्यावर पाच चेहरे होते, ढसाढसा रडणाऱ्यापासून दात काढून हसणाऱ्यापर्यंत. "आज तुम्ही यातले कोण?"

दुर्दैव असं, की नेमक्या त्याच सकाळी समोरच्या बाल्कनीत दुसरी वाकलेली फळी दिसली होती. पेंटर जिंकल्याच्या आनंदात होता. बाईंना ती फळी कमानदार कपाटाची आहे हे सिद्ध करायची युक्ती सुचली होती. दादा त्या दोघांकडे बघून हसत होते. तिघांनीही दात काढणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

पुढच्या खेपेला सिस्टरनी निर्णय सांगितला. सूर्यफुलाच्या मते हे तिघं म्हणजे 'आनंदबीज' होते, आणि बी एकाच जागी ठेवत नाहीत, पेरतात. बाईंना पलीकडच्या हॉलमधे पेरलं. पेंटरला दुपारच्या पाळीत पेरलं. दादांना टीव्हीसमोरच्या भिंतीशी, एका विमा एजंटाच्या शेजारी. तो एजंट सुई टोचताच झोपायचा आणि सुई काढताना जागा होऊन "झालं?" एवढंच विचारायचा. खिडकीच्या तीन खुर्च्या सर्वांत उदास तिघांना दिल्या होत्या, कारण उन्हाने उदासी कमी होते असं सूर्यफुलाने कुठेतरी वाचलं होतं. त्यांना एकत्र ठेवायचं कारण, उदासी पसरू नये. त्या तिघांनी पहिल्याच दिवशी, डोळ्यांवर ऊन येतं म्हणून, पडदा ओढून घेतला.

दादा त्या पडद्याकडे बघत राहिले. टीव्हीवर कुणीतरी भेंडी चिरत होतं.

"सिस्टर, जरा पडदा..."

"सायबांचा नियम आहे, दादा. गटाच्या भावनांचा आदर करायचा."

दोनच आठवड्यांत बायकोच्या लक्षात आलं, की नवरा चपला घालायला वेळ लावतोय. एका सकाळी तो तिला म्हणाला, "आज नाही गेलं तर काय होईल?" त्याने हे सहज विचारलं, दूध आणलं नाही तर काय होईल असं विचारावं तसं. तिने चपला त्याच्या पायाशी आणून ठेवल्या आणि तो उठेपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्या दिवशी पाळी बदलताना, वजनकाट्यापाशी, दादांना पेंटर भेटला. तो आत चालला होता, दादा बाहेर. बाईही कापूस दाबत तिथेच आल्या.

"दादा, ऐका," पेंटर कुजबुजला. "मी आता येता-येता समोरच्या फाटकातून आत बघतो. त्याने कप्पी आणलीय. दोरखंड आणलाय. वस्तू बाहेर पडणार!"

"कधी?"

"ते काय मला पत्र पाठवणारेत? आठवड्याभरात समजा."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे ते कपाट होतं की काय हे आपल्याला कळणारच नाही?"

"होडी," पेंटर म्हणाला.

"सिस्टर," दादांनी विचारलं, "हे गट पुन्हा बदलणार आहेत का?"

सिस्टरनी काट्यावरचा आकडा बघत, कुणाकडेही न बघता सांगितलं, "परवा फेरतपासणी आहे. खिडकीतल्या तिघांना टीव्ही हवाय. टीव्ही आनंदी लोकांना मिळतो हे मीच त्यांना सांगितलं. ते परवा चांगले खूश असणारेत. म्हणजे तीन जागा रिकाम्या." मग त्या थांबल्या. "सगळ्यात रडक्या तिघांना मिळतील."

दादांनी घरी सराव केला. आरशापुढे उभं राहून ओठ खाली ओढून बघितले. बायको टॉवेलच्या घड्या घालत बघत होती.

"पोटात वायू धरल्यासारखे दिसता."

"मग काय करू? मला नाटक येत नाही."

"नाटक कशाला करायचं?" ती म्हणाली. "खरं सांगा त्याला. बस होईल."

"खरं म्हणजे काय?"

तिने हातातला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "तुम्हाला ठाऊक आहे," म्हणाली.

सूर्यफुलाची खोली पिवळी होती. दादा बसले. समोर तक्ता. सूर्यफुलाने मान कलती केली. "तर आमचं आनंदबीज कसं आहे?"

"बरं नाही साहेब," दादा म्हणाले, आणि पुढे काय बोलायचं ते न ठरवल्यामुळे खरं बोलू लागले. तहान लागते, म्हणाले. तोंडाला नाही, सगळ्या अंगाला. स्वप्नात नळ दिसतो, आपण तो सोडतो आणि ओंजळ लावतो, आणि तेवढ्यात जाग येते. पायात गोळे येतात तेव्हा बायको उठून पाय चोळते, आणि मी झोपेतच आहे असं मी दाखवतो, कारण तिला सॉरी म्हणायचा कंटाळा आलाय. ती झोपते तेव्हा तिचं बोट माझ्या या शिरेवर असतं. गुरगुर चालू आहे ना, ते बघत झोपते. लेक दुसऱ्या गावी असते. तिचं घर मी पाहिलेलं नाही. मशीन सोडून जाता येत नाही, आणि आता ती बोलवायचंही टाळते, मला नाही म्हणावं लागू नये म्हणून.

बोलता-बोलता दादांना जाणवलं, की आपला आवाज गेलाय. हे ठरलेलं नव्हतं. त्यांनी खिशात रुमाल शोधला, तो नव्हता, मग बाहीने डोळे पुसले.

सूर्यफुलाचेही डोळे भरून आले. तो भला माणूस होता, फक्त हुशार असल्याचा त्याचा गैरसमज होता. गडबडीने उठून त्याने काचेचा मोठा ग्लास काठोकाठ पाण्याने भरला आणि दादांपुढे ठेवला. "घ्या. सगळं प्या. बरं वाटेल."

दादांनी ग्लासाकडे बघितलं. तो त्यांच्या संध्याकाळपर्यंतच्या पाण्यापेक्षा मोठा होता. एक घोट घेतला, तोंडात फिरवून मग गिळला, आणि ग्लास अलगद सूर्यफुलाकडे सरकवला.

"पण तुम्ही मागच्या वेळी एवढे हसत होतात!" सूर्यफूल म्हणाला. "मग ते खोटं होतं?"

इथे दादांच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. मधेच अडकलेल्या लिफ्टमधून त्यांनी आयुष्यात पुष्कळ माणसं बाहेर काढली होती. आत अडकलेले एकमेकांशी भांडत असले, की दादा हत्यारं निवांत काढायचे. आतून आवाज येत नसला, तर मात्र धावत जिने चढायचे. ते हसू खोटं नव्हतं साहेब, आणि हे रडूही नाही. लिफ्ट अडकलेलीच आहे, पण आत आम्ही तिघं होतो.

हे बोललो तर हा परत हसरा चेहरा देईल, हे ओळखून दादांनी जीभ चावली. "तेव्हा बरं वाटत होतं," एवढंच म्हणाले.

सूर्यफुलाने ढसाढसा रडणाऱ्या चेहऱ्यावर खूण केली.

बाईंना फारसे कष्ट पडले नाहीत. त्यांनी सूर्यफुलाला त्याने काढलेल्या आनंदाच्या टक्केवारीतल्या चुका समजावून सांगितल्या, आणि शेवटी तोच त्यांच्या वतीने हताश झाला. पेंटरची मात्र कठीण अवस्था होती. तक्त्यावरचे चेहरे बघूनच त्याला हसू फुटलं. त्याने चटकन टॉवेलमधे तोंड खुपसलं, आणि त्याचे गदगदणारे खांदे बघून सूर्यफूल हळूच म्हणाला, "मोकळे व्हा. मोकळे व्हा."

पुढच्या खेपेला तिघं खिडकीशी होती. पेंटरने पडदा असा ओढला, की त्याच्या दोन कड्या निसटल्या.

"दादा, खाली टेम्पो उभाय!"

"खोलीचं दार बिजागरीतून काढून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "चार माणसं आहेत. उचललं. फिरवताहेत... अरे देवा."

"काय?"

बाईंनी चष्मा सरळ केला. "टोक आहे त्याला."

"कपाटाला?" पेंटरने मधाळ आवाजात विचारलं.

"तू गप्प बस."

मग ते टोक दादांच्या फाकेत आलं. जिन्याच्या काचेमागे, निळं, वाकदार, नाकासारखं. लिफ्टचं दार उघडलं. टोक आत शिरलं, थांबलं, बाहेर आलं, तिरकं झालं, पुन्हा शिरलं, पुन्हा थांबलं.

"बाई, बघा तुमचा कर्ण!" दादा ओरडले. "हँडरेलला अडला!"

"मला दिसत नाहीये! खांब मधे आहे! तुम्ही खोटं सांगत असाल!"

"परत आत चालली," दादा म्हणाले. "आता जिन्याने न्यावी लागणार. मी म्हणतच होतो."

जिन्याने नेली नाही. बाल्कनीच्या वर कप्पी लटकवली होती. आता पेंटर एकटाच बघत होता आणि दोघं त्याच्यावर ओरडत होती. "सांग ना!" "कठड्यावर ठेवलीय." "मग?" "दोर बांधताहेत." "मग, मग?" "रंगाचा एकच हात दिलाय, दादा. काम कच्चं आहे."

आणि मग एक दोर जरा जास्त सुटला असावा. होडी कठड्यावरून निघाली ती सरळ खाली न जाता गल्लीवर झोका घेऊन बाहेर आली. खांबही आड येणार नाहीत इतकी जवळ, अगदी खिडकीसमोर, निळी आणि अख्खी, हवेत तरंगत. पहिल्यांदाच तिघांना एकच गोष्ट एकाच वेळी दिसली. मागे टीव्हीसमोर बसलेलेही वळून बघत होते. विमा एजंट जागा होऊन म्हणाला, "झालं?"

होडी क्षणभर तशीच फिरत राहिली, मग आज्ञाधारकपणे खाली गेली.

तेव्हा तिन्ही मशीनं एकदम बोंबलू लागली. नळी लावलेला हात वाकवायचा नसतो, आणि तिघांनीही खिडकीकडे झुकताना कोपरं मुडपली होती. लाल दिवे, शिट्ट्या. सिस्टर धावल्या, आणि त्यांच्या मागोमाग सूर्यफूल.

दारातच तो थबकला. उदास गटाचे तिन्ही रुग्ण हसत होते. बाईंचा चष्मा नाकावरून घसरला होता. पेंटर हातातल्या टॉवेलने डोळे पुसत होता.

"तुम्ही... हसताय?" सूर्यफुलाचा चेहरा उजळत चालला. "म्हणजे ऊन लागू पडलं! म्हणजे आता तुम्हाला पुन्हा..." त्याने खिशातून तक्ता काढला.

दादांचं हसू जागीच विरलं. "आई गं!" त्यांनी पोटरी धरली. "गोळा आलाय साहेब. गोळा आला की तोंड असं होतं."

"वेदनेत स्नायू ओढले जातात," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "लांबून ते हास्य वाटतं."

पेंटरने टॉवेलमधे तोंड खुपसलं. खांदे गदगदू लागले.

सूर्यफुलाने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर दादांची पोटरी चोळत होत्या, ज्यात गोळाबिळा काही नव्हता. "होतं असं," म्हणाल्या. "हे तिघं फार अवघड आहेत. यांना बराच काळ इथेच ठेवावं लागेल."

सूर्यफुलाने खिन्नपणे मान हलवली आणि तक्ता खिशात ठेवून निघून गेला. जाताना पडद्याची निसटलेली कडी त्याने अडकवायचा प्रयत्न केला, ती जमली नाही.

मशीनं शांत झाली. खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. कुठे गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

थोडा वेळ तिघंही गप्प होती. दादांना ही शांतता आवडली नाही. मग बाई मान पुढे करून, हात मात्र सरळ ठेवून, बारीक आवाजात म्हणाल्या, "एक बाई आलीय."

"कुठे?"

"त्याच खोलीत. आजवर कधी दिसली नव्हती. मधोमध उभी राहून रिकाम्या जागेकडे बघतेय." त्या थांबल्या. "टेप काढली. मोजतेय."

"पलंग," पेंटर टॉवेलमधून म्हणाला.

"पलंगाला एवढी लांबी लागत नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजलं तिने."

सूर्यफूल बाहेर थांबून दाराच्या काचेतून अजून इकडेच बघत होता. दादांनी ओठ खाली ओढले, जमतील तेवढे, आणि पोटात वायू धरल्यासारखा चेहरा करून विचारलं, "उंचीपण घेतेय का?"